मीठ, नागली आणि रक्ताचा दाब

रक्ताचा दाब वाढणें हा सुखवस्तु लोकांचा रोग आहे, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस चालत आली आहे. लोण्यातुपाचें जेवण, लोडाला टेकून बसण्याची संवय आणि सुटलेलें पोट हीच जणूं त्या रोगाचीं कारणें. मग ज्याच्या घरीं दोन वेळच्या भाकरीची भ्रांत आहे, जो दिवसभर उन्हांत राबतो, ज्याच्या अंगावर मूठभर मांस नाहीं, त्याला हा रोग कोठून होणार, असें आपण सहज म्हणतों. आज मला ही समजूत आपल्यासमोर तपासून पाहावयाची आहे. कारण ती नुसती चुकीची नाहीं, घातुकहि आहे. जो वैद्य ती बाळगतो तो कृश रोग्याचा दाब मोजीत नाहीं. आणि जो रोगी ती बाळगतो तो दाब मोजून घेण्यास जातच नाहीं.

या तपासणीसाठीं आपण पालघर जिल्ह्यांतील जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांकडे जाऊं. जामसर हें त्यांपैकीं जव्हार तालुक्यांतील गांव. जव्हार हें पूर्वीं मुकणे घराण्याचें संस्थान होतें. १९४८ सालीं तें मुंबई इलाख्यांत विलीन झालें, पुढें ठाणें जिल्ह्यांत राहिलें, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निर्माण झाल्यापासून त्यांत मोडतें. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी या लोकांची ही भूमि. डोंगरउतारावर नागली आणि वरई, खालच्या खाचरांत भात, आणि त्यांच्या जोडीस उडीद, तूर, कुळीथ, खुरासणी असा येथील शेतीचा संसार आहे. पाऊस उदंड पडतो, पण तो डोंगरावर थांबत नाहीं. पिकें घरांत आलीं कीं शेतांत काम उरत नाहीं आणि कित्येक कुटुंबें भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर पोटासाठीं जातात. तीं परततात तीं पावसाच्या तोंडीं.

बाहेरच्या जगाला या मुलखाची ओळख झाली ती मोठ्या दुःखद प्रसंगानें. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें कुपोषणामुळें बालकांचे मृत्यु झाले आणि साऱ्या महाराष्ट्राचें लक्ष इकडे वळलें. तेव्हांपासून जव्हार-मोखाडा म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें भूक उभी राहते. अशा ठिकाणीं रक्तदाबाच्या आहाराविषयीं बोलणें कोणास विपरीत वाटेल. पण डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य समितीचा जो अहवाल २०१८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत भारतांतील दर चार आदिवासी प्रौढांमागें एकास रक्तदाबाचा विकार असल्याचें नमूद आहे. चौघांत एक! म्हणजे भूक आणि रक्तदाब हीं एकमेकांचीं वैरी नाहींत. एकाच झोंपडींत, एकाच चुलीपाशीं तीं दोन्ही नांदूं शकतात. हें कसें घडतें, आणि ज्याला कमी खा असें सांगण्याची सोय नाहीं त्याला काय सांगावें, हा आजच्या भाषणाचा विषय.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय तें पाहूं. आपलें हृदय हा एक पंप आहे. तें आकुंचन पावलें कीं रक्त जोरानें नाड्यांत शिरतें; त्या वेळचा दाब तो वरचा आंकडा. तें सैल पडलें कीं दाब उतरतो. तो खालचा आंकडा. पाऱ्याचा स्तंभ किती मिलिमीटर चढतो त्यावरून हें माप सांगतात. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ति इटलींतील रिव्हा-रोची यानें १८९६ सालीं काढली, आणि नाडीचा आवाज ऐकून दोन्ही आंकडे ठरविण्याची रीत रशियांतील कोरोत्कोव्ह यानें १९०५ सालीं दाखविली. निरोगी प्रौढाचा दाब साधारणपणें १२०/८० च्या आसपास असतो. निरनिराळ्या दिवशीं, स्वस्थ बसवून मोजला असतां तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो विकार समजावा.

या विकाराचा दुष्टपणा असा कीं, तो बोलत नाहीं. ताप अंग तापवून सांगतो, जखम दुखून सांगते. पण वाढलेला दाब वर्षानुवर्षें मुकाट्यानें काम करीत राहतो. नाड्यांच्या भिंती जाड व ताठर होतात, हृदयाला अधिक जोर करावा लागतो, मूत्रपिंडें झिजतात. मग एके दिवशीं शेतांतून आलेला मनुष्य अर्धें अंग लुळें पडून अंगणांत कोसळतो, आणि आपण म्हणतों, काल तर धडधाकट होता! तो धडधाकट नव्हता. त्याचा दाब कोणीं मोजला नव्हता एवढेंच.

आतां कृश माणसाचा दाब कां वाढतो? त्याचें एक कारण फार मागें, मातेच्या उदरांत, सांपडतें. इंग्लंडांतील डेव्हिड बार्कर या वैद्यानें गेल्या शतकाच्या शेवटीं असें दाखवून दिलें कीं, जन्मतः कमी वजनाचीं मुलें मोठेपणीं रक्तदाब, हृदयविकार आणि मधुमेह यांना अधिक बळी पडतात. आपल्या महाराष्ट्रांतहि, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांचीं मुलें यांचा दीर्घ अभ्यास केला आणि गर्भांतील पोषणाचा ठसा पुढील आयुष्यावर कसा उमटतो तें दाखविलें. अन्न अपुरें मिळालें कीं गर्भ तें प्रथम मेंदूकडे वळवितो आणि बाकीच्या इंद्रियांच्या वांट्यास कमी येतें. मूत्रपिंडांतील गाळणीचे सूक्ष्म घटक कमी संख्येनें तयार होतात. आणि जन्मानंतर नवे घटक जवळजवळ होतच नाहींत. अशा मनुष्याचीं मूत्रपिंडें जास्तीचें मीठ शरीराबाहेर टाकण्यास जन्मभर थोडीं कमीच पडतात. म्हणजे जें बालक एके काळीं उपाशी होतें, तेंच चाळिसाव्या वर्षीं रक्तदाबाचें रोगी होऊं शकतें. भुकेचें देणें एकदां फेडून संपत नाहीं. तें व्याजासह पुन्हां दारांत उभें राहतें.

आणि त्या देण्याचें व्याज वाढविणारा पदार्थ म्हणजे मीठ.

मिठाविषयीं बोलतांना माझी जीभ जरा अडखळते. आपल्या भाषेनें मिठाला केवढा मान दिला आहे! खाल्ल्या मिठाला जागावें, अशी आपली नीति. गरिबाच्या जेवणाला आपण मीठ-भाकर म्हणतों. १९३० सालीं मिठासाठीं वडाळ्याला आणि शिरोड्याला आपल्या लोकांनीं लाठ्या खाल्ल्या. असा पदार्थ शत्रु कसा म्हणावा? तो शत्रु नाहींच. शरीराला तो हवा आहे. पण हवा आहे तो चिमटीनें, मुठीनें नव्हे. जास्तीचें मीठ पोटांत गेलें कीं त्यांतील सोडियम शरीरांत पाणी धरून ठेवतें. रक्ताचें आकारमान वाढतें. आणि भरलेल्या पखालीप्रमाणें नाड्या ताणल्या जातात.

ही गोष्ट आज सुचलेली नाहीं. १९०४ सालीं पॅरिसमध्यें आंबार आणि बोझार या दोघां वैद्यांनीं रोग्यांचें मीठ कमी-अधिक करून दाब उतरतो व चढतो हें पाहिलें होतें. १९४४ सालीं अमेरिकेंत वॉल्टर केंपनर या वैद्यानें असाध्य मानलेल्या रोग्यांना जवळजवळ अळणी भात, फळें व साखर यांवर ठेवलें, आणि पुष्कळांचा दाब खालीं आला. तो आहार इतका कडक कीं, फार थोड्यांना तो पाळवे. त्याची शिफारस मी करीत नाहीं. पण भात खाणाऱ्या आपल्या लोकांनीं त्यांतून एक बोध घ्यावा. भातामुळें दाब वाढतो असें नव्हे. भाताबरोबर पोटांत काय जातें, हा प्रश्न आहे. १९८८ सालीं ३२ देशांतील ५२ ठिकाणीं दहा हजारांहून अधिक लोकांची एकाच पद्धतीनें तपासणी झाली. त्यांत ब्राझीलच्या अरण्यांतील यानोमामी लोक होते. ते मीठ जवळजवळ खातच नाहींत, आणि वय वाढलें तरी त्यांचा दाब वाढत नाहीं, असें आढळलें. म्हातारपणीं दाब वाढायचाच, हें आपण जें धरून चालतों तें निसर्गाचें शासन नव्हे. तो बऱ्याच अंशीं आपल्या ताटाचा परिणाम आहे.

मीठ किती खावें? जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं प्रौढ माणसानें दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, मीठ खावें. भारतीय माणूस सरासरीनें सुमारें ८ ग्रॅम खातो. पण खेड्यांतील गृहिणी मीठ तोलून घालीत नाहीं; तिचें माप तिच्या हातांत असतें. म्हणून मी एक सोपा हिशेब सांगतों. घरांत पांच मोठीं माणसें आहेत असें धरा. प्रत्येकीं ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. त्या हिशेबानें एक किलोची मिठाची पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. ज्या दिवशीं पिशवी फोडाल त्या दिवशीं भिंतीवर कोळशानें एक रेघ ओढा आणि पुढें रोज एकेक रेघ वाढवा. पिशवी विसाव्या रेघेला संपली, तर घरांतलें प्रत्येक माणूस १० ग्रॅम मीठ खात आहे, हें कोणत्याहि यंत्रावांचून कळेल. बाजारांतून आणलेल्या पदार्थांतलें मीठ याहून निराळें, हें मात्र विसरूं नये.

तें निराळें मीठ कोठें दडलेलें असतें? आठवड्याच्या बाजारांत पाहा. सुकी मासळी या डोंगरांतल्या जेवणाचा आधार आहे. तिच्यांत प्रथिनें आहेत. जी मासळी कांट्यासकट खातात तिच्यांत चुनाहि, म्हणजे कॅल्शियम, भरपूर आहे. म्हणून ती टाकून द्या असें मी मुळींच म्हणणार नाहीं. पण तिच्यांत भेद करावा. बोंबील आणि जवळा बहुधा नुसते उन्हांत वाळवितात. त्यांत समुद्राच्या पाण्याचें मीठ असतें तेवढेंच. मिठांत मुरवून वाळविलेली खारी मासळी मात्र मिठाची खाणच होय. पहिली घ्यावी, दुसरी टाळावी. कोणतीहि सुकी मासळी कोमट पाण्यांत भिजवून, तें पाणी फेंकून, पुन्हां एकदां धुवावी. आणि तिच्या कालवणांत वरून मीठ घालूं नये, किंवा चव पाहून चिमटीभरच घालावें.

दुसरी जागा पापडाची. नागलीचे पापड पौष्टिक म्हणून विकले जातात. नागली पौष्टिक आहे हें खरेंच. पण पापडांत मिठाबरोबर पापडखारहि पडतो, आणि त्यांतहि सोडियमच असतें. नागलीचा पापड म्हणजे नागलीची भाकर नव्हे. तिसरी जागा अलीकडे वाड्यापाड्यांवरील दुकानांत टांगलेल्या रंगीत पाकिटांची. मूल रडलें कीं पांच रुपयांचें कुरकुरीत पाकीट हातांत देणें आतां रूढ झालें आहे. त्यांत मीठ आहे, तेल आहे, आणि मुलाची भूक खोटी खोटी भागवून घरच्या भाकरीचें मोल कमी करण्याची शक्ति आहे. ज्याला वाचतां येतें त्यानें पाकिटाच्या पाठीवर सोडियमचा आंकडा पाहावा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. चौथी जागा लोणच्याची आणि मिरची-मिठाच्या ठेच्याची. येथें गरिबीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं.

वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचें जेवण डोळ्यांपुढें आणा. पहांटेपासून चिखल तुडवावयाचा, विटा पाडावयाच्या. रानभाजी नाहीं, परसांतला शेवगा नाहीं, घरची नागली संपलेली. उचलीवर मिळालेला तांदूळ, मिरची, मीठ आणि सुकट. कोरडा भात घशाखालीं उतरण्यास कांहीं तरी खमंग हवें. आणि सर्वांत स्वस्त खमंग म्हणजे मीठ आणि मिरची. जेथें भाजी आणि डाळ कमी, तेथें मीठ जास्त, असा हा नियमच आहे. म्हणून गरिबाला नुसतें मीठ कमी करा असें सांगणें हा अर्धाच उपदेश झाला. त्याच्या ताटांत दुसरें कांहीं तरी वाढलें पाहिजे, म्हणजे मीठ आपोआप कमी होईल. भट्टीवर घाम फार येतो म्हणून मीठ जास्त हवें, असाहि एक समज आहे. घामानें प्रथम जातें तें पाणी. तें वारंवार प्यावें. नेहमींच्या जेवणांतलें मीठ बहुतेकांना पुरतें. फक्त जुलाब-वांत्या होत असतील तर क्षारसंजीवनी अवश्य द्यावी. त्या वेळीं रक्तदाबाचें निमित्त करून ती नाकारूं नये.

आतां ताटांत काय वाढवावें तें पाहूं. या बाबतींत एक प्रयोग फार महत्त्वाचा आहे. १९९७ सालीं अमेरिकेंत ४५९ प्रौढांवर तो झाला. एका गटाला नेहमींचें अमेरिकन जेवण, आणि दुसऱ्या गटाला भरपूर भाज्या, फळें, कमी चरबीचें दूध, अख्खीं धान्यें, डाळी व दाणे असें जेवण आठ आठवडे दिलें. दोन्ही गटांचें मीठ सारखें ठेवलें. कोणाचें वजनहि मुद्दाम उतरूं दिलें नाहीं. तरीहि ज्यांना रक्तदाबाचा विकार होता, त्यांचा वरचा दाब दुसऱ्या आहारानें सुमारें ११ मिलिमीटरांनीं अधिक उतरला. आणि हा गुण दोन आठवड्यांतच दिसूं लागला. पुढें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगांत त्याच आहाराला कमी मिठाची जोड दिली, तेव्हां दाब आणखी खालीं आला. यांतील वजन न उतरवितां हे शब्द आपण ध्यानांत ठेवावेत. ज्याचें पोट सुटलें आहे त्यानें वजन उतरवावें हें खरें. पण जामसरच्या कृश मजुराला उपास करावयाचा नाहीं. त्याला ताट बदलावयाचें आहे, रितें करावयाचें नाहीं.

या आहाराचा गुण मुख्यतः पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि चोथा यांत आहे. पोटॅशियम हें सोडियमचें प्रतिद्वंद्वी आहे. तें मूत्रावाटें सोडियमला बाहेर काढण्यास साह्य करतें आणि नाड्यांना सैल करतें. हे पदार्थ मिळविण्यास अमेरिकेचीं फळें आणावयास नकोत. नागली घ्या. पॉलिश केलेल्या तांदळांतील पोटॅशियमच्या तिपटीहून अधिक पोटॅशियम तिच्यांत आहे. आणि कॅल्शियम तर १०० ग्रॅममागें सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम, म्हणजे कोणत्याहि नेहमींच्या धान्यांत नाहीं इतकें. या मुलखांत दुधाची रेलचेल कधींच नव्हती. तरी हाडें पोसलीं गेलीं तीं पुष्कळ अंशीं या काळसर भाकरीवर. आज शिधापत्रिकेवर तांदूळ व गहूं मिळतात. त्यांनीं भूक मोठ्या प्रमाणावर भागविली, हें कृतज्ञतेनें मान्य करावें. पण त्यांच्या सोयीमुळें नागली शेताच्या कडेला आणि ताटाच्या कडेला सरकली आहे. पाहुण्यापुढें पांढरा भात वाढण्यांत प्रतिष्ठा आणि नागलीची भाकर वाढण्यांत संकोच वाटूं लागला आहे. हा संकोच सोडावा. दिवसांतून एक वेळ नागलीची भाकर किंवा आंबील असावी; मात्र आंबिलींतहि मीठ जपूनच.

भाकरीबरोबर उडदाची, तुरीची किंवा कुळथाची आमटी असावी. भाजीच्या बाबतींत हें रान म्हणजे मोठें कोठारच आहे. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुरडू, कवळी येतात, मग करटोलीं, बांबूचे कोंब, अळू, उन्हाळ्यांत शेवगा. पालेभाज्या थोड्या पाण्यांत शिजवाव्यात आणि तें पाणी आटवावें किंवा आमटींत घालावें. फेंकून दिलें तर पोटॅशियम त्याच्याबरोबर जातें. पण याला अपवाद आहेत, आणि ते येथील बायांना माझ्यापेक्षां अधिक ठाऊक आहेत. शेवळ घशाला खाजवितें म्हणून तें चिंच किंवा काकडाचें फळ घालून शिजवितात. कडूकंद विषारी असतो म्हणून तो पुनःपुन्हां उकळून, वाहत्या पाण्यांत ठेवून मगच खातात. हें जुनें शास्त्र आहे. तें तसेंच पाळावें. फळांत आंबा, फणस, जांभूळ, करवंद, पेरू, आवळा ज्या त्या ऋतूंत घरचीं मिळतात. तीं सगळींच बाजारांत नेऊन विकूं नयेत, कांहीं मुलांच्या आणि आपल्याहि मुखीं लागूं द्यावींत. केळ्यांत पोटॅशियम चांगलें असतें. तेल थोडें वापरावें. तें खुरासणीचें असल्यास उत्तमच.

मीठ एकदम तोडूं नये, तोडवतहि नाहीं. नावडतीचें मीठ अळणी, ही म्हण सुनेच्या छळाची आहे. पण तींत जिभेच्या स्वभावाचेंहि वर्म आहे. चव ही पदार्थांत असते तितकीच मनांत आणि संवयींत असते. दर आठवड्याला थोडें थोडें मीठ कमी केलें, तर कांहीं आठवड्यांत जीभ रुळते, आणि पूर्वींचेंच कालवण खारट लागूं लागतें. भाकरीच्या पिठांत आणि भातांत मीठ घालण्याची संवय असल्यास ती आधीं सोडावी. मग आमटी-भाजींतलें कमी करावें. चिंच, कैरी, आमसूल, लसूण, मिरची, कोथिंबीर यांनीं तोंडाला चव येते. आंबट-तिखट असलें कीं मिठाची उणीव भासत नाहीं. ताटांत वरून मीठ घेणें कायमचें बंद करावें. आणि हें सर्व घरानें मिळून करावें. एकट्या म्हाताऱ्यासाठीं निराळें अळणी कालवण शिजविलें, तर दोन दिवस शिजेल. तिसऱ्या दिवशीं तो सर्वांच्या भांड्यांतलेंच घेईल. जें मीठ घेतां तें आयोडीनयुक्तच असावें. प्रमाण कमी करावें, जात बदलूं नये.

अलीकडे बाजारांत सोडियम कमी करून त्याच्या जागीं पोटॅशियम घातलेलें मीठ मिळतें. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारें २१,००० लोकांवर त्याचा दीर्घ प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पक्षाघाताचें प्रमाण १४ टक्क्यांनीं घटलें होतें. गोष्ट आशादायक आहे. पण ज्याचीं मूत्रपिंडें बिघडलीं आहेत त्याला हें मीठ अपायकारक होऊं शकतें. गरोदर स्त्रिया व मुलें यांच्यासाठींहि त्याची शिफारस केलेली नाहीं. म्हणून डॉक्टरांना विचारल्यावांचून तें घेऊं नये.

दारू आणि तंबाखू यांविषयीं थोडक्यांत सांगतों. मोहाची असो वा बाटलींतली, दारू रक्तदाब वाढविते. विडी, मिश्री, तंबाखू नाड्यांना इजा करतात. वाढलेला दाब आणि तंबाखू एकत्र आलीं म्हणजे वाळलेल्या गवताशेजारीं ठिणगी ठेवण्यासारखें आहे.

गरोदर स्त्रियांविषयीं मात्र निराळें सांगितलें पाहिजे. पांचव्या महिन्यानंतर कांहीं स्त्रियांचा दाब वाढतो. डोकें असह्य दुखतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, चेहरा व हात सुजतात, पोटाच्या वरच्या भागांत कळा येतात, आणि शेवटीं झटके येतात. हें बाहेरचें कांहीं नाहीं, अंगांत आलेलें नाहीं. हा रक्तदाबाचा विकार आहे, आणि त्यांत आई व मूल दोघेंहि दगावतात. येथें मीठ तोडून किंवा जेवण कमी करून कांहीं साधत नाहीं, उलट अपाय होतो. ज्या प्रदेशांत आहारांत कॅल्शियम कमी पडतें तेथें गरोदरपणीं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या असतां हा विकार कमी होतो, असें सिद्ध झालें आहे. त्या गोळ्या घ्याव्यात, नागली खावी, दर तपासणीस दाब मोजून घ्यावा. वरील लक्षणें दिसलीं तर भगताकडे वेळ न दवडितां थेट दवाखाना गांठावा.

शेवटीं औषधाविषयीं. आहार हा औषधाचा सोबती आहे, त्याचा वारस नव्हे. ज्याला गोळी सुरू आहे त्यानें बरें वाटलें म्हणून ती बंद करूं नये. बरें वाटतें आहे तें गोळीमुळेंच. भट्टीवर जातांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात आणि कागद जवळ ठेवावा, म्हणजे तेथील सरकारी दवाखान्यांतहि उपचार चालू राहतील. झाडपाल्याचा अभिमान असणाऱ्यांना एक आठवण करून देतों. सर्पगंधा या आपल्याच वनस्पतीच्या मुळीनें रक्तदाब उतरतो, हें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत शास्त्रशुद्ध रीतीनें जगापुढें मांडलें, आणि साऱ्या जगानें त्याची दखल घेतली. पण त्याच अनुभवानें हेंहि शिकविलें कीं, ती मुळी बेतानें दिली नाहीं तर मन खिन्न होतें व दाब नको इतका उतरतो. तेव्हां रानांतून मुळी उपटून चघळणें हें वैद्यक नव्हे. आज त्याहून सुरक्षित गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जव्हारला पतंगशाह रुग्णालय आहे. तिसाव्या वर्षानंतर प्रत्येकानें, तो कितीहि कृश असो, वर्षांतून एकदां तरी तेथें दंड पुढें करावा. दोन मिनिटांचें काम आहे. त्यांत सुई नाहीं, वेदना नाहीं.

श्रोतेहो, भूक आणि रक्तदाब हे दोन निराळे शत्रु नाहींत, हें आतां आपल्या लक्षांत आलें असेल. ज्या ताटांत नागली आहे, डाळ आहे, रानभाजी आहे आणि मीठ बेताचें आहे, तें एकच ताट दोघांनाहि आवरतें. तें आज गरोदर मातेपुढें वाढलें, तर चाळीस वर्षांनीं तिच्या मुलाचा दाब आवरण्यास त्याचें साह्य होईल. आणि तेंच आजोबापुढें वाढलें, तर त्यांचा दाब येत्या महिन्यांतच थोडा उतरेल. शहरांतील श्रोत्यांनींहि, ज्यांच्या घरीं भाकरीची भ्रांत नाहीं पण पिशवी मात्र विसाव्या रेघेला संपते, हा हिशेब आपल्या स्वयंपाकघरांत करून पाहावा. खाल्ल्या मिठाला जागावें, हें आपलें ब्रीद आहे. तें पाळण्यासाठीं मनुष्य जागता राहिला पाहिजे, आणि त्यासाठीं तें मीठ मोजून खाल्लें पाहिजे.